पिवळा अमेरिकन आरा

वेरूळ,
६ फेब्रुवारी १९९४

दादा,

तीर्थरूप लिहायला पेन टेकवलं होतं, पण ते पुढं सरकलं नाही. म्हणून नुसतं दादा. तेवढं जन्मानं आलंय, खोडता येत नाही.

सोळा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. आता लिहितोय म्हणजे मी निवळलो असं समजू नकोस. उलट आहे.

परवा एक शेतकरी फवारणीचा पंप घेऊन माझ्या दुकानात आला. पंपाचे सुटे भाग रविवारच्या पेपरात गुंडाळलेले. भाग काढले, पेपर सरळ केला, तर आत तू. चितेगावच्या तुझ्या कारखान्याच्या ऑफिसात, काचेच्या कपाटापुढं उभा, हातात तो पेट्रोलवर चालणारा साखळीचा आरा. वर मोठ्या अक्षरात ‘जुन्या अमेरिकन आऱ्यांचे शौकीन उद्योजक काकासाहेब’. तो शेतकरी म्हणाला, “मिस्त्री, ह्यो तुमचा कोण लागतो का? नाक तुमच्यावाणीच हाय.” मी म्हणालो, “नाय, कुणी नाय.” मग दिवसभर हात कामाला लागला नाही.

सहा आरे जमवलेस म्हणे. मुंबईच्या भंगारातून, नागपूरच्या एका बंद पडलेल्या वखारीतून, कुठल्या मोडीत काढलेल्या जहाजावरून. जमव. वाळूजला कारखाने उभे राहिले, त्यांच्या मालाला लाकडी पेट्या लागल्या, त्या तू पुरवल्यास आणि वर आलास. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण पेपरवाल्याला तू जे सांगितलंस त्याबद्दल आहे.

“जायकवाडीच्या बुडितातली झाडं मी स्वतः याच पिवळ्या आऱ्यानं तोडली. त्या दिवसांची आठवण आली की अजून हात शिवशिवतात.” तू? बुडितात तू दोनदा आलास. एकदा माझी भाकरी घेऊन आणि एकदा आईला ताप भरला म्हणून मला बोलवायला. दोन्ही वेळा कानात बोटं घालून लांब उभा राहिलास. आरा चालवला मी आणि माझ्या जोडीदारानं, सांडूनं. त्र्याहत्तरपासून सलग तीन उन्हाळे.

फोटोत साखळी उलटी बसवलेली आहे. दातांची तोंडं मागं. मी भिंग लावून पाहिलं. तशी साखळी लाकूड कापत नाही, नुसती घासते आणि धूर काढते. ज्यानं आयुष्यात एक फांदी तोडली असेल त्याच्या हातून ही चूक होत नाही. पेपर वाचणाऱ्यांना कळणार नाही. मला कळलं. सांडूनं पाहिला तर त्यालाही कळेल.

हात शिवशिवतात म्हणे. शिवशिवणं काय असतं ते मला विचार. पंधरा किलोचा तो गडी दिवसभर धरला की संध्याकाळी बोटं पांढरी पडायची, भाकरीचा तुकडा मोडता यायचा नाही. उजव्या अंगठ्यानं तेलाचं बटण दर चार श्वासांना दाबायचं, विसरलं की साखळी तापून निळी व्हायची. सांडू कधी विसरला नाही. मी विसरायचो, मग तो नुसता माझ्याकडं बघायचा. दुपारी लिंबाखाली बसून तो साखळीचे दात कानशीनं घासायचा. एकेका दाताला तीनच हात, कमी नाही, जास्त नाही. ठेकेदाराचा मुंबईचा मिस्त्री म्हणाला होता, “असा हात मी बंदरावर पण पाहिला नाही.” आम्हा दोघांत चांगला आरेवाला कोण, असं कुणी विचारलं तर मी सांडूचं नाव सांगायचो. आजही सांगेन.

एका गावात म्हातारीनं आंब्याला मिठी मारली. म्हणाली, कैऱ्या उतरवू द्या, मग काय करायचं ते करा. ठेकेदाराचा मुकादम तिला ओढायला निघाला. सांडूनं आरा बंद केला आणि म्हणाला, “पेट्रोल संपलं.” पेट्रोल होतं. चार दिवस आम्ही दुसरीकडची बाभळ तोडत राहिलो, म्हातारीनं पाट्या भरभरून कैऱ्या नेल्या. तुझ्या बातमीत हे असायला हवं होतं. त्यात सांडूचं नावसुद्धा नाही.

काम संपल्यावर ठेकेदारानं तो आरा दिला तो आम्हा दोघांना दिला. सांडूच्या घरात जागा नव्हती म्हणून आपल्या गोठ्यात ठेवला, एवढाच तुझा त्याच्याशी संबंध.

तो कपाटातून काढ. बाकीचे पाच राहू देत. का काढायचा ते तुला ठाऊक आहे.

मुंजाबा

वेरूळ,
२४ फेब्रुवारी १९९४

दादा,

तुझा ड्रायव्हर पत्र आणि पेढ्याचा पुडा देऊन गेला. पुडा कस्तुरानं त्याच पावली परत पाठवला. ती म्हणाली, “सोळा वर्सं सासरचं तोंड पाहिलं नाय, आता गोड कशाचं?”

पत्र ठेवून घेतलं. तीनदा वाचलं. तू लिहितोस की पाडव्याला कारखान्याच्या नव्या शेडचं उद्घाटन आहे. मोठ्या कंपन्यांचे साहेब येणार. पाहुण्यांपुढं पिवळा आरा सुरू करून एक ओंडका कापून दाखवायचा आहे. पण तो सुरूच होत नाही, मुंबईचा मेकॅनिकही हात टेकून गेला. म्हणून, “मुंजा, तेवढा चालू करून दे.”

दादा, हे लिहिताना तुझा हात थोडा तरी थांबला का? हेच शब्द तू एकदा म्हणाला होतास. गोठ्याच्या दारात उभा राहून, असाच, लाडीगोडीनं.

पुढं लिहितोस, झालं गेलं विसरून जाऊ, गेल्या महिन्यात विद्यापीठाचं नामांतरही झालं, आता तो वाद संपला. पैठण रोडला तू अभिनंदनाचा फलक लावलास तेही ऐकलं. तुझ्या नावाची अक्षरं विद्यापीठाच्या नावाएवढीच मोठी होती म्हणे. वाद तुझ्यासाठी संपला. ज्यांची घरं गेली त्यांना तू विचारलंस का?

मी स्वतःला वगळत नाही. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराचा ठराव झाल्याचं रेडिओवर आलं, तेव्हा पाटलाच्या पारावर मीही बसलो होतो. अप्पाराव पाटील म्हणाला, आज नाव घेतलं, उद्या जमीन घेतील. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. आपल्या घरातलं कुणी त्या विद्यापीठाची पायरी चढलेलं नव्हतं. मला त्याचं फाटक कुठल्या दिशेला आहे हेही माहीत नव्हतं. गावात मॅट्रिकच्या पुढं शिकणारी पोरं दोन, आणि दोन्ही सांडूच्या बौद्ध वस्तीतली. त्या नावानं आपलं काय जाणार होतं? मी पारावर हे विचारलं नाही.

आता त्या दिवसाचं. तू विसरलास असं दाखवतोस, म्हणून लिहितो.

श्रावणाची झड लागली होती. दुपारचे तीन वाजले असतील. मी गोठ्यात होतो. तू आलास, मागं अप्पारावची पाच-सहा माणसं फाटकाशी. आरा पोत्याखालून ओढून काढलास आणि दोरी ओढत बसलास. वीस वेळा ओढलीस, पंचवीस वेळा. तो काही तुझ्यानं धरेना. मग म्हणालास, “मुंजा, तेवढा चालू करून दे. ओढ्याजवळ झाड पडलंय, एसटी अडकलीय.”

त्या आऱ्याची खोड मला आणि सांडूलाच ठाऊक होती. डाव्या कुशीवर घटकाभर टेकवायचा, चोक अर्धा, पायाचा पंजा मागच्या मुठीत, आणि दोन ओढी. मी तसं केलं. दुसऱ्या ओढीला तो सुरू झाला. तू म्हणालास, “बंद पडू देऊ नको,” आणि चालू आराच उचलून घेऊन गेलास.

मला वाटलं झाड तोडायला नेला.

तू ओढ्याकडं गेला नाहीस. वस्तीकडं वळलास. वस्ती आधीच बाजरीच्या रानात पळाली होती. तुम्ही सांडूच्या ओसरीचे चारी खांब कापलेत. ते खांब बुडितातल्या लिंबाचे होते, सांडूनं परवानगी काढून आणलेले आणि मी त्याच्याबरोबर उभे केलेले. वर धाब्याचं छप्पर, पावसानं फुगलेलं, हातभर माती. ओसरी बसली आणि तिनं आतली भिंत ओढली. आत सांडूची आई होती, वच्छलाबाई. बाजेवर. दवाखान्यात नवव्या दिवशी गेली.

त्याच आऱ्याची तुला पाहुण्यांपुढं मिरवणूक काढायची आहे. आणि तो सुरू करायला मी हवा.

मी येणार नाही. तुझ्या त्या दिवसाच्या कृत्यात माझा भाग नव्हता आणि आजच्या तमाशात असणार नाही.

मुंजाबा

वेरूळ,
१४ मार्च १९९४

दादा,

मागचं पत्र टाकल्यापासून मला झोप नाही. कस्तुरानं कारण विचारलं. मी म्हणालो, त्या पत्रात एक वाक्य खोटं लिहिलंय. ती म्हणाली, “मंग ज्याला खरं सांगायचं त्याला जाऊन सांगा की. दादाला ते ठाऊकच हाय.”

बाई खरं बोलली. परवा मी पडेगावला गेलो.

सांडू तिथं राहतो हे मला बारा वर्षांपासून ठाऊक होतं. औरंगाबादला जाताना एसटी पडेगाववरूनच जाते. प्रत्येक वेळी मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून पाहायचो. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर आहे, दारात जास्वंद. सांडू स्टेशनच्या मालधक्क्यावर पोती वाहतो. तीन तालुक्यांत ज्याच्या तोडीचा आरेवाला नव्हता तो पोती वाहतो, आणि ज्याला साखळीची पुढची बाजू कळत नाही त्याचा पेपरात फोटो. मला तिथंच दारात इतका संताप आला की नमस्कार करायचं राहून गेलं.

सांडू बाहेर पाटावर बसला होता. केस पांढरे झालेत. मला पाहून उठला नाही, जा असंही म्हणाला नाही. त्याची बायको लीलाबाई आतून डोकावली, ओळखलं आणि परत आत गेली. पूर्वी मला मुंजाभाऊ म्हणायची.

मी पेपर पुढं केला. सांडूनं चष्मा लावून फोटो पाहिला.

“साखळी उलटी हाय,” तो म्हणाला.

“व्हय.”

“कपाटात ठिवलाय?”

“व्हय. काचेच्या.”

त्यानं पेपर घडी करून माझ्या हातात दिला. मग म्हणाला, “लई चांगला आरा व्हता. मला अजून सपनात त्याचं वजन लागतं. पर सपनात आवाज आला का मी उठून बसतो. ह्या गल्लीत कुणी फटफटी सुरू केली तरी अंगावर काटा येतो. तुमी लोकांनी माझी आई नेली, घर नेलं, आन् माझं कामबी नेलं. कोणतंच इंजन मला धरवत नाय आता.”

मग मी सांगितलं. म्हणालो, “सांडू, त्या दिवशी आरा मी सुरू करून दिला.”

दादा, त्यानं माझ्याकडं नुसतं पाहिलं, तेलाचं बटण विसरल्यावर पाहायचा तसं.

“मला तवाच कळलं,” तो म्हणाला. “मी पोरांना बाजरीत ठिवून आईला न्यायला माघारी येत व्हतो. बांधावर व्हतो. काकासाहेब दोरी ओढतोय ते ऐकू येत व्हतं. वढतोय, वढतोय, धरत नाय. मी म्हनलं, बरं झालं, तवर आईला काढतो. मंग घटकाभर गप झालं. मंग दोन वढी, आन् चालू. गावात दोनच मानसं व्हती तसा सुरू करनारी. येक मी, बांधावर उभा.”

त्यानं चष्मा काढून ठेवला. “मी पोचायच्या आत तुमची मानसं वस्तीत व्हती. मला ओढ्यातच धरला, बुकलला. तू आरा डाव्या कुशीवर टेकवला नसता तर तुजा भाऊ अजून दोरीच वढत बसला असता, तेवढ्या टायमात मी पोचलो असतो, मुंजा.”

सोळा वर्षं त्याला ठाऊक होतं. आणि मी सोळा वर्षं वेरूळला लोकांना सांगत होतो की भावानं केलेल्या पापामुळं मी गाव सोडलं.

मागच्या पत्रातलं खोटं वाक्य आता तुला वेगळं सांगायला नको. कुठलंही झाड पडलेलं नव्हतं. ओढ्याचा रस्ता आपल्या गोठ्यातून दिसतो, मी तो सकाळपासून पाहत होतो. फाटकातल्या माणसांच्या हातात काठ्या आणि रॉकेलचा डबा होता. झाड तोडायला रॉकेल कशाला लागतं हे मी तुला विचारलं नाही. नाही म्हणालो असतो तर तू मला मारलं नसतंस. फार तर चार शिव्या दिल्या असत्यास. मला त्या माणसांपुढं तुझा भित्रा भाऊ दिसायचं नव्हतं. आणि हेही लिहून टाकतो, तू पंचवीस वेळा ओढून जे जमलं नाही ते मी दोन ओढींत केलं, तेव्हा त्या माणसांतला एक जण “वा” म्हणाला, आणि मला बरं वाटलं.

सांडूला मी विचारलं, काय करू? तो म्हणाला, “मला इचारू नको. आरा फोड म्हनू का भावाला मार म्हनू? पंचनाम्यात काय लिव्हलंय ते तुला ठाऊक हाय ना?”

मला ठाऊक आहे. तुलाही आहे. ‘संततधार पावसाने धाब्याचे घर कोसळून वृद्धेस दुखापत.’ खाली पंच म्हणून दोन सह्या. पहिली अप्पारावची. दुसरी माझी. सही करताना कापलेले खांब समोर पडले होते. सरळ काप, गुळगुळीत, कारण त्या दिवशी साखळीला धार होती. आदल्या आठवड्यात सांडूनंच लावलेली.

“तेवढं पावसाचं काढ,” सांडू म्हणाला. “माझी आई पावसानं गेली न्हाय.”

मुंजाबा

वेरूळ,
५ एप्रिल १९९४

दादा,

तुझं पत्र आणि त्यानंतर साळूवहिनीचा निरोप, दोन्ही मिळाले. वहिनी म्हणते, घराची अब्रू चव्हाट्यावर नेऊ नका. तू लिहितोस, मी वकिलाला विचारलंय, सोळा वर्षांनी काही उभं राहत नाही, अप्पाराव मेला, तुझ्या तोंडी शब्दाला पुरावा नाही, उलट खोटी सही केली म्हणून तूच आत जाशील. आणि शेवटी, कपाटातून आरा काढतो, आता तरी गप्प बस.

म्हणजे पहिल्या पत्रात मी जे मागितलं ते आता द्यायला तू तयार झालास. तेव्हा मलाही वाटलं होतं की आरा नजरेआड झाला की माझा राग शांत होईल. आता मला त्या आऱ्याचं काही वाटत नाही. लोखंड आहे ते. अमेरिकेत कुणी तरी झाडं तोडायला बनवलं होतं.

घराच्या अब्रूचं वहिनीला सांग, ती त्या दिवशी ओसरीबरोबरच खाली आली. आपण वर नुसता रंग देत राहिलो.

काल मी औरंगाबादला कोर्टाच्या आवारात गेलो. सांडू आणि लीलाबाई ठरल्याप्रमाणे आधीच येऊन लिंबाच्या पारावर बसले होते. मराठी टाइप करणारा एक जण गाठला. पन्नाशीचा माणूस, कानावर पेन्सिल. त्यानं स्टँप पेपर चढवला आणि विचारलं, “जमिनीचं का वारसाचं?” मी म्हणालो, “पंचनामा खोटा आहे त्याचं.” त्यानं कानावरची पेन्सिल काढून खाली ठेवली.

मी सांगत गेलो, तो बडवत गेला. माझं नाव, बापाचं नाव, वय, धंदा इंजिन दुरुस्ती. तारीख. मग आरा कुठं होता, कुणी मागितला, कुणी सुरू करून दिला. तुझं नाव आलं तेव्हा तो थांबला, म्हणाला, “सख्खा भाऊ?” मी म्हणालो, “सख्खा.” तो म्हणाला, “साहेब, तुमच्या भल्याचं सांगतो. यातून निघणार काही नाही. उगा तुम्हीच अडकाल. नाव झालं, फटाके वाजले, लोक घरी गेले. आता जुनं कशाला?”

उत्तर सांडूनं दिलं. आवाज चढवला नाही, पण शेजारच्या टायपिस्टचा हात थांबला. “नाव झालं त्याचा आनंद मलाबी हाय. रातभर नाचलो म्या. पर त्या नावापायी माझी आई गेली, आन् सरकारी कागदात तिला पावसानं मारलंय. पावसावर आळ घेऊन गाव मोकळं झालं. तुमच्या आईच्या कागदावर असं लिव्हलं असतं तर तुमी जुनं म्हनला असता का?”

टायपिस्टनं चष्मा पुसला आणि म्हणाला, “सांगा पुढं.”

पुढं मी खांबांचं सांगितलं, कापांचं सांगितलं, अप्पारावनं कागद पुढं केला आणि मी वाचून सही केली ते सांगितलं. वाचून. न वाचता केली असं लिहावं का, असा विचार मनात आला होता, खोटं का बोलू. टायपिस्टनंही सुचवलं, “न वाचता लिहू का? सोपं जाईल.” मी नाही म्हणालो.

मजकूर संपला. त्यानं कागद काढून मोठ्यानं वाचून दाखवला. मला वाटलं झालं, आता नोटरीकडं जायचं. तेवढ्यात लीलाबाई पारावरून उठून आली. सोळा वर्षांत पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली. नाव न घेता.

“त्या दिवशी सकाळी म्या तुमच्या दारात आले व्हते,” ती म्हणाली. “सासूबाईला हिवताप भरला व्हता. तुमच्या घरी गोळ्या असायच्या. तुमीच आतून आनून दिल्या, माज्या वंजळीत टाकल्या. म्या तुमाला काय म्हनले व्हते?”

मला आठवत होतं. एक दिवसही विसरलो नव्हतो. हे मी तुला आधीच्या तिन्ही पत्रांत कुठंही लिहिलेलं नाही, सांडूलाही पडेगावला सांगितलं नाही.

मी म्हणालो, “म्हातारीला उठता येत न्हाय, असं म्हणाली होतीस.”

“मंग तुमी दोरी वढली तवा ती आत हाय, हे तुमाला ठावं व्हतं.”

सांडू माझ्याकडं पाहत नव्हता, जमिनीकडं पाहत होता. मला वाटतं त्याला एवढं माहीत नव्हतं. लीलाबाईनं नवऱ्यालाही हे सांगितलं नव्हतं. तुला काय वाटतं, त्या बाईनं सोळा वर्षं काय केलं असेल, दादा? तिनं हे एकटीनं सांभाळलं, नवऱ्याचा एकुलता एक दोस्त अगदीच मातीमोल होऊ नये म्हणून असेल, का मी स्वतः येऊन सांगतो का ते पाहायला असेल. मी विचारायच्या लायकीचा नाही.

मी म्हणालो, “ठाऊक होतं.”

ती टायपिस्टकडं वळली.

“तेवढंबी लिव्हा,” ती म्हणाली.

त्यानं कागद पुन्हा चढवला. मी एकेक शब्द सांगितला, त्यानं बडवला. खाली सही केली. नोटरीचा शिक्का घेतला. पंचनाम्यातलं पावसाचं काढा, असा सांडूचा अर्ज होता, त्याला तो कागद जोडून कचेरीत दिला, पोच घेतली. बाहेर आल्यावर मला वाटलं दोघं चहाला तरी थांबतील. सांडू म्हणाला, “आमची एसटी हाय,” आणि ते गेले. त्यांनी माझ्याबरोबर थांबावं असं मी काही केलेलं नाही.

या पत्राबरोबर एक नक्कल पाठवतो. वकिलाला दाखव. माझं आत जायचं ठरलं तर जाईन, कस्तुराला सांगून ठेवलंय. ती म्हणाली, दुकान मी बघते.

तुझ्यावर मी जे लिहिलं ते सगळं खरं आहे आणि त्यातला राग उणा झालेला नाही. फक्त आता तो मला तुझ्यामागं लपवत नाही.

मुंजाबा